उणे चाळीस

"आमच्या मशिनला पेट्रोल चालत नाही," असं जतच्या एका दुचाकी मिस्त्रींनी सांगितलं, तेव्हा नवल वाटलं आणि मी बघायला गेलो. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासायचा, ही गॅरेजातली जुनी रीत. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झालं, साध्या गाड्यांनाही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आले. त्यांची सूक्ष्म भोकं ब्रशला दाद देत नाहीत. म्हणून हे अल्ट्रासॉनिक मशिन.

स्टीलची टाकी, तळाला ट्रान्सड्यूसर, सेकंदाला ४० हजारांच्या आसपास कंपनं. द्रवात बारीक बुडबुडे होतात, फुटतात आणि मळ सुटा करतात. इंजेक्टरभोवती धुरासारखा काळा कार्बन पसरत जातो. बघत राहावंसं वाटतं.

मिस्त्रींची नजर मात्र हाताखालच्या पोरावर होती. त्याला ते सारखं एकच बजावत होते, "उणे चाळीस!" शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ ठिणगीने भडकू शकते. "आपल्याकडं मे महिन्यात चाळीस असतंय, ते वरचं. पेट्रोलचं चाळीस खालचं. त्यात मशिनला हीटर. मग ह्यात ओतायचं का, सांग की!"

थिनरही तसाच पेट घेणारा. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, म्हणजे आयपीएचा, वाफ भडकण्याचा हा आकडा १२ अंश. रॉकेलचा ३५ च्या पुढे, म्हणून ते बरं वाटतं. पण हीटर ६० वर ठेवला की तेही धोक्याचंच. टाकीत उणे चाळीसवाला द्रव असला, तर बटणाची ठिणगीही पुरते.

पेट्रोल नको म्हणून कुणी टॉयलेट क्लीनर घालतं. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीललाच खड्डे पाडतं. त्यात ब्लीच मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो.

उरतं पाणी, आणि जतमध्ये गाडं इथेच अडतं. बोअरचं पाणी जड. तापवलं की टाकीला पांढरे क्षार धरतात. म्हणून मिस्त्री जारचं पाणी विकत आणतात आणि त्यात याच कामासाठीचं, पाण्यात मिसळणारं सौम्य लिक्विड घालतात. म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या तालुक्यात पिण्याचं पाणी मशिनला घालणं त्यांच्याही जिवावर येतं. तरी ते घालतात. गिऱ्हाइकाच्या टाकीतून काढलेलं पेट्रोल समोर फुकट पडलेलं असतं, हे लक्षात घेतलं तर या माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

मशिनसोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत आहे आणि विकणाऱ्याने तोंडीही काही सांगितलं नव्हतं. उणे चाळीसचा आकडा मिस्त्रींना एका प्रशिक्षणात कळला. पोरगं पूर्वेकडच्या कन्नड बोलणाऱ्या गावचं. म्हणून मिस्त्रींनी झाकणावर रंगाने मराठीत लिहिलं, "पेट्रोल, थिनर घालू नये", आणि खाली तेच पोराकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं. या दोन ओळी मशिन विकणाऱ्यानेच छापून द्यायला हव्या होत्या.