ग्रामीण शाळेतील विज्ञान-गणित आणि शिक्षकाचे प्रशिक्षण

विज्ञान आणि गणित हे हुशार मुलांचेच विषय, ही समजूत खेड्यापाड्यांतून खोलवर रुजलेली आहे. शहरातील मुलाला शिकवणी असते, घरी शिकलेले आईवडील असतात. शेतमजुराच्या मुलाला मात्र गुरुजींवाचून दुसरा आधार नसतो. मराठवाड्यासारख्या मागास भागात उच्च शिक्षण पोहोचावे म्हणून पूज्य बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. पण अशा महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेपर्यंत पोहोचायचे तर आठवीपर्यंतचा पाया पक्का हवा. म्हणून गुरुजींचे प्रशिक्षण हा आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

ते कसे असावे, याचा वस्तुपाठ मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्याने दिला. १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्यास प्रारंभ केला. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे तो सांभाळला.

येथील उन्हाळी शिबिरात शिक्षकांना नुसती व्याख्याने ऐकावी लागत नसत. मुलांनी करावयाचे प्रयोग ते स्वतः टोळीने करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत आणि निष्कर्षावर वाद घालीत. विद्यापीठांतील शास्त्रज्ञ त्यांच्या बरोबरीने बसत. शाळा सुरू झाल्यावर मासिक बैठकीत वर्गातील अडचणींचा विचार होई. परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे. त्यामुळे पाठांतराची सद्दी संपली.

साहित्यही साधेच. टाचणीच्या जागी बाभळीचा काटा चाले. पुण्याच्या टेल्कोतील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये येथे आले आणि त्यांनी आगकाड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीच्या आकृत्या घडविल्या. असा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मग मुलाला सांगावे लागत नाही.

गणिताचेही तसेच. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, असे मूल म्हणते. कारण चार हे तीनहून मोठे. छडीने ही चूक जात नाही. एकसारख्या दोन भाकऱ्यांचे तीन आणि चार समान वाटे केले की उलगडा होतो. मुलाच्या चुकीमागील विचार ओळखणे हाच प्रशिक्षणाचा गाभा होय.

२००२ मध्ये शासनाने होशंगाबादचा उपक्रम बंद केला. तात्पर्य, केवळ शासनावर विसंबून चालणार नाही. समाजाचेही पाठबळ हवे. ‘एहिपस्सिको’, ये आणि स्वतः पाहा, ही तर धम्माचीच शिकवण. आपल्या विहाराचे सभागृह महिन्यातील एक रविवार परिसरातील शिक्षकांच्या बैठकीसाठी खुले करावे आणि प्रयोगाच्या साहित्याची एक पेटी तेथे ठेवावी. खर्च थोडा आहे. लाभ मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.