कालवं-तिसऱ्यांतला किरणोत्सर्ग येतो कुठून? अणुभट्टी नसली तरी असतोच!

रत्नागिरी : कालवं किंवा तिसऱ्यांत किरणोत्सर्ग सापडला म्हटलं की पहिला संशय अणुभट्टीवर जातो. पण आसपास कुठेही भट्टी नसलेल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांतही तो असतो. त्याचं मुख्य कारण पोलोनियम-२१० हे नैसर्गिक मूलद्रव्य.

समुद्रात कसं पोहोचतं?
माती आणि खडकांत थोडं युरेनियम असतंच. त्यापासून टप्प्याटप्प्याने रेडॉन वायू तयार होतो आणि हवेत मिसळतो. हवेत त्याचं किरणोत्सर्गी शिसं बनतं. ते पाऊस-धुळीबरोबर समुद्रात पडतं आणि त्यातून पोलोनियम तयार होतं. पाण्यातल्या अतिसूक्ष्म जिवांना, म्हणजे प्लवकांना, ते चिकटतं. तिसऱ्या पाणी गाळून हेच प्लवक खातात, त्यामुळे पोलोनियम त्यांच्या पोटात साठतं. १३८ दिवसांत त्यातलं निम्मं आपोआप संपतं, पण नवं येतच राहतं.

समुद्र बदलला की आकडा बदलतो
पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात फ्रान्सने १९६६ ते १९९६ या काळात अणुचाचण्या केल्या. तिथल्या प्लवकांत पोलोनियम जास्त आढळलं, पण शास्त्रज्ञांनी त्याचं कारण सांगितलं ते पाण्याचं. तिथला समुद्र नितळ, प्लवक विरळ. वाटेकरी कमी, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पोलोनियम जास्त.

शिंपल्यांचंही तसंच. अन्न कमी मिळालं किंवा अंडी सोडून झाली की मांस रोडावतं. पोलोनियम मात्र फारसं घटत नाही, म्हणून किलोमागचा आकडा चढतो. कालवण आटलं की वरून मीठ न घालताही खारट लागतं, तसंच हे.

मग खायचं की नाही?
नेहमीच्या खाण्यात घाबरण्यासारखं काही नाही. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. शिंपले भरपूर खाणाऱ्यांना थोडा जास्त मिळतो, एवढंच. शिजवल्याने मात्र किरणोत्सर्ग नष्ट होत नाही.

नोंद आधीच हवी
राजापूर तालुक्यात जैतापूरचा अणुप्रकल्प प्रस्तावित आहे. उद्या कुणी एखादा आकडा दाखवला, तर तो निसर्गाचा की भट्टीचा हे ओळखायला आजची नोंद लागेल. कोणता पदार्थ मोजला, कोणत्या महिन्यात मोजला आणि शिंपल्यात मांस किती होतं, हेही त्यात हवं. त्याशिवाय एकट्या आकड्यावरून ना घाबरता येईल, ना निर्धास्त राहता येईल.