अति तिथे माती!

मंडळी, लहानपणी भर पावसात ॲटलस सायकल दामटत शाळा गाठलेले आम्ही. त्यामुळे सिंगापुरात आल्यावर चार-पाच मित्रांनी माउंटन बाईक घेतल्या तेव्हा 'चिखलाचं काय एवढं?' असाच आमचा सूर होता. तो कसा उतरला, त्याची ही हकिगत.

मध्यंतरी प्रोजेक्टच्या डेडलाइन्स, मुलांच्या परीक्षा, भारतवारी यात सायकली सात महिने बाल्कनीत धूळ खात होत्या. मग डिसेंबरातल्या एका रविवारी अचानक उत्साह संचारला आणि आम्ही थेट चेस्टनट नेचर पार्क गाठलं. तिथला सायकलचा ट्रेल सुमारे ८ किलोमीटरचा, चढ-उतारांचा. दहा मिनिटांत सगळ्यांना धाप लागली. पुढे एका उतारावर आमच्यातल्या एकाने ओल्या मुळावर ब्रेक दाबला आणि मनगट मोडून घेतलं. सहा आठवडे प्लास्टर, एका हाताने टायपिंग, आणि घरी काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही!

शेवटी इंजिनिअरच आम्ही, 'रूट कॉज' शोधायला बसलो. व्यायाम थांबला की सर्वात आधी रक्तातला द्रवभाग कमी होतो. मग हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं आणि धाप लवकर लागते. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चांगल्या कसलेल्या खेळाडूंची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता २१ दिवसांत सुमारे ७ टक्के आणि ८४ दिवसांत १६ टक्के घटली होती. तिथे आमच्यासारख्या 'वीकेंड वॉरियर्स'ची काय कथा?

दिलासा एवढाच, की पुन्हा सुरुवात केली की दम तसा लवकर परत येतो. खरी गोम इथेच आहे. स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे मात्र सावकाश, काही महिन्यांनी तयार होतात. तिसऱ्या आठवड्यात छाती म्हणते 'चल', पण मनगट आणि गुडघे अजून मागेच असतात. आपण मराठी माणसं मुळात आरंभशूर, त्यामुळे नेमके याच वेळी घसरतो.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही रेल कॉरिडॉरपासून सुरुवात केली. २०११ च्या जूनअखेरपर्यंत इथून मलेशियाची रेल्वे धावत असे. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे वाट बहुतेक सपाट. नियम एकच: सायकल चालवता चालवता मराठीत गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. जोडीला घरी प्लँक आणि जोर, कारण उतारावर सगळा भार हातांवर येतो. महिन्याभराने कोरड्या दिवशी पुलाऊ उबिनचा केटाम बाईक पार्क, आणि चिखल त्यानंतरच.

चिखलाचंही एक तंत्र आहे. नोव्हेंबर ते जानेवारी इथे ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो, आणि झाडांच्या सावलीत पाऊस थांबल्यावरही माती ओलीच राहते. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण ट्यूब असेल तर फार कमी करू नका, मुळावर आपटून पंक्चर होतं. चढावर हलका गिअर टाकून बसूनच पेडल मारा. उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. ओलं मूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, आणि त्यावर ना ब्रेक, ना वळण. ब्रेक काय लावायचा तो आधी! डबक्याला वळसा घालू नका, त्याने वाट रुंदावते आणि कडेची रोपं मरतात. तळ दिसत नसेल तर सरळ उतरून ढकला, कोणी हसत नाही. आणि चाकाची खोल चाकोरी उमटू लागली तर त्या दिवशी परत फिरा.

घरी आल्यावर बाईक साध्या पाण्याने धुवा. बेअरिंगवर जोराचा फवारा मारलात तर घाण आत जाते. चेन फडक्याने कोरडी करून तेल त्याच दिवशी घाला. इथल्या दमट हवेत सकाळपर्यंत गंज धरतो, आणि मग पुढच्या रविवारी गिअर बदलायच्या वेळी त्याची आठवण होते.