वरळीच्या खिडकीतली सक्युलंट: काळजी तहानेची नव्हे, ओलीची

सी फेसवरचा टॉवर असो, कोळीवाड्यातलं घर असो की बीडीडी चाळीतली खोली, वरळीत झाडांना जागा मिळते ती हातभर. म्हणून जाड, रसाळ पानांची सक्युलंट इथे घरोघरी दिसतात. 'यांना काही करावं लागत नाही' या भरवशावर ती घरी येतात आणि पुष्कळदा पहिल्याच पावसाळ्यात बुंध्याशी कुजतात. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. इथे या झाडांना जपायचं ते साचलेल्या ओलीपासून.

गैरसमज: आठवड्यातून एकदा पाणी घातलं की झालं.

वस्तुस्थिती: वार बघू नका, माती बघा. मे महिन्यात वाऱ्यावरची छोटी कुंडी चार दिवसांत सुकते. जुलैच्या दमट हवेत तीच पंधरा दिवस ओली राहू शकते. लाकडी काडी तळापर्यंत खुपसा. ती कोरडी निघाली तरच पाणी द्या, पण भोकातून वाहून जाईल इतकं द्या आणि बशीतलं पाणी ओतून टाका. पानं सुरकुतली तर झाड तहानलेलं आहे. मऊ, पिवळट, पाणी भरल्यासारखी झाली तर पाणी जास्त झालंय. बुंधा कुजू लागला, तर वरचा निरोगी भाग कापून काही दिवस सावलीत ठेवा आणि काप सुकल्यावर कोरड्या मातीत लावा.

गैरसमज: तळाशी खडीचा थर दिला की निचरा होतो.

वस्तुस्थिती: बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा हवा तो कुंडीतल्या संपूर्ण मिश्रणाला. नर्सरीतली लाल माती भिजली की घट्ट बसते. तिच्यात निदान निम्मा भाग परलाइट, प्युमिस, विटांचे बारीक तुकडे किंवा जाड रेती मिसळा. कुंडीला भोक हवंच.

गैरसमज: रेतीच हवी ना, मग चौपाटीवरून आणू.

वस्तुस्थिती: ती वाळू खारट असते. मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी शोषता येत नाही. शिवाय ती बारीक असल्याने भिजल्यावर दाबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. समुद्रासमोरच्या खिडकीत खारं वारं पानांवरही बसतं. कोरड्या दिवसांत पानं अधूनमधून साध्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा.

गैरसमज: सक्युलंट म्हणजे वाळवंटातली, त्यांना कडक ऊन हवंच.

वस्तुस्थिती: सगळ्यांना नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या हॉवर्थियाच्या अनेक जाती झुडपांच्या आणि खडकांच्या सावलीत वाढतात. त्यांना खिडकीतला उजेड पुरतो. अडेनियमला मात्र भरपूर ऊन लागतं. मुंबईत उन्हाचा खरा धोका असतो तो ऑक्टोबरात. चार महिने ढगांखाली काढलेल्या पानांवर एकदम प्रखर ऊन पडलं की ती भाजतात आणि तो डाग जात नाही. तेव्हा कुंडी थोडी थोडी करून उन्हात सरकवा.

गैरसमज: स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देतं आणि खोलीतली हवा शुद्ध करतं.

वस्तुस्थिती: पाणी वाचवण्यासाठी हे झाड पानांवरची रंध्रं रात्री उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं. प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. हवा शुद्ध होण्याची कथा नासाच्या १९८९च्या अभ्यासातून पसरली, पण ते प्रयोग छोट्या बंदिस्त पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. घरातल्या साध्या वायुविजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं त्यात दिसलं. झाड ठेवा, खिडकीही उघडी ठेवा.

गैरसमज: एवढ्या पावसाच्या मुलखात सक्युलंट जगायचीच नाहीत.

वस्तुस्थिती: महाराष्ट्राचं स्वतःचं सक्युलंट आहे, शिंदळ माकुडी. फ्रेरिया इंडिका या नावाने वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिची शास्त्रीय नोंद केली. जुन्नरजवळच्या शिवनेरीसारख्या ठिकाणी, सह्याद्रीच्या कड्यांवर ती उगवते. पावसात तिला पानं फुटतात, कोरड्या दिवसांत ती गळतात. पाऊस अंगावर घेऊनही ती टिकते, कारण उभ्या कातळावर पाणी थांबत नाही आणि वारा मोकळा मिळतो. ही वनस्पती दुर्मीळ आहे. ट्रेकला गेल्यावर तिचा तुकडासुद्धा आणू नका.

आपल्या कुंडीला हवं ते हेच: पाणी वाहून जावं आणि वारा खेळावा. मेच्या अखेरीस कुंड्या पावसाची झड येणार नाही अशा उजेडाच्या जागी हलवा, एकमेकींना चिकटवून ठेवू नका. सुरुवात कोरफड, जेड, स्नेक प्लांट किंवा हॉवर्थियापासून करा. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या थंड रात्रींना सरावलेली एचेव्हेरिया पहिला पावसाळा नीट पार पडल्यावर आणा.