आणखी जोरात फिरवा!

१८६९ साली ग्लासगो विद्यापीठातल्या विल्यम रँकिन यांनी फिरणाऱ्या शाफ्टबद्दल एक निकाल देऊन टाकला. रँकिन म्हणजे काही लहानसहान असामी नव्हती. वाफेवरच्या वीजकेंद्राचं मूलभूत गणित आजही त्यांच्याच नावाने शिकवलं जातं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक शाफ्टचा एक ठरावीक क्रांतिक वेग असतो. त्याच्या खाली शाफ्ट गुण्यागोविंदाने फिरतो. त्याच्या वर गेलात की तो वाकतच जाणार. अनुभवही तसाच होता. वेग वाढवला की यंत्र थरथरतं, हे कारखान्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. मग शंका कोण घेणार? उपाय एकच दिसत होता: शाफ्ट जाड करा, म्हणजे क्रांतिक वेग वर जाईल आणि आपण त्याच्या खाली सुखरूप राहू.

स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांना हे परवडणारं नव्हतं. दुधातली साय वेगळी काढणारं फिरतं यंत्र त्यांनी बनवलं होतं आणि त्यांना वेगाचं वेड होतं. त्यांची छोटी वाफेची टर्बाइन मिनिटाला ३० हजार फेरे घ्यायची. एवढ्या वेगाला पुरून उरेल इतका जाड शाफ्ट करणार कसा? १८८९ च्या सुमारास लावाल यांनी नेमकं उलटं केलं. शाफ्ट मुद्दाम बारीक आणि लवचीक ठेवला. त्यामुळे क्रांतिक वेग इतका खाली आला, की टर्बाइन सुरू झाल्यावर लवकरच तो ओलांडून जाई. ओलांडताना खडखडाट व्हायचा खरा, पण पलीकडे गेल्यावर यंत्र शांत!

असं का होतं? जगातलं कुठलंही चाक शंभर टक्के समतोल नसतं. त्याचं वजन कुठेतरी एका बाजूला कणभर जास्त असतं. फिरताना ही जड बाजू शाफ्टला बाहेर ओढते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्यापासून २० सेंटिमीटरवर १० ग्रॅम वजन जास्त असलं आणि चाक मिनिटाला ३००० फेरे घेत असलं, तर ते १० ग्रॅम २० किलोच्या जोराने ओढतात. शाफ्टला स्प्रिंगसारखी स्वतःची एक डोलण्याची लय असते. फेऱ्यांचा वेग त्या लयीशी जुळला की अनुनाद होतो, प्रत्येक फेरा आधीच्या डोलण्यात भर घालतो. हाच क्रांतिक वेग. पण वेग त्याच्याही वर गेला की चाकाला जड बाजूच्या मागे धावायला फुरसतच उरत नाही. जड बाजू आतल्या अंगाला येते आणि चाक आपल्या आकाराच्या मध्याऐवजी वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतं. स्वतःचा समतोल ते स्वतःच शोधतं म्हणा ना.

हे पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. फ्रंट लोड वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागतं तेव्हा समोर उभे राहा. सुरुवातीला ड्रम हेलकावे खातो, एका टप्प्यावर मशीन घर डोक्यावर घेतं, आणि वेग आणखी वाढला की हेलकावे ओसरतात. ओली जीन्स एका बाजूला गोळा झाली आणि पाव किलोचा असमतोल राहिला, तर १२०० फेऱ्यांना ओढ होते जवळजवळ १०० किलोची. तरी मशीन जागेवर राहतं, कारण ड्रम मऊ स्प्रिंगांवर टांगलेला असतो, म्हणजे लावाल यांचीच युक्ती. नव्या मशीनमागचे वाहतुकीचे बोल्ट काढायला विसरलात, तर ड्रम घट्ट बांधलेला राहतो आणि मशीन मोरीभर नाचतं. टॉप लोडवाल्यांची गंमत आणखी वेगळी. ड्रमच्या वरच्या कड्यात बहुधा मिठाचं पाणी भरलेलं असतं. क्रांतिक वेगाच्या खाली ते पाणी जड बाजूकडेच धावतं, म्हणजे आगीत तेल. वर गेल्यावर मात्र तेच पाणी हलक्या बाजूला जाऊन तोल सावरतं.

रँकिन चुकले कुठे? शाफ्टबरोबर फिरणाऱ्याच्या नजरेतून गणित मांडताना सरकणाऱ्या वस्तूला आडवं ढकलणारं कोरिऑलिस बल त्यांच्या हिशेबातून सुटलं. एवढंच! जर्मनीत आउगुस्ट फॉपल यांनी १८९५ मध्ये लावाल बरोबर का होते हे गणिताने दाखवलं, पण इंग्रजी जगाला ते पटायला डब्लिनचे प्राध्यापक हेन्री जेफकॉट यांच्या १९१९ च्या निबंधाची वाट पाहावी लागली. जेफकॉट यांचं प्रारूप अगदी साधं: वजन नसलेला लवचीक शाफ्ट आणि त्याच्या मध्यावर एक चकती. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही तिथूनच सुरुवात करतात. माझ्या मते या कथेत नवल रँकिन चुकल्याचं नाही; टर्बाइन डोळ्यांसमोर फिरत असताना लोक तीस वर्षं कागदावरच्या गणितालाच चिकटून राहिले, याचं आहे.

आता संगणक अख्ख्या यंत्राचे हजारो बारीक तुकडे कल्पून त्याच्या सगळ्या लयी काढून देतो. तरी बोल्ट किती घट्ट बसलाय, पायाचं काँक्रीट किती लवचीक आहे, कंपनं जिरवण्याची शक्ती किती, हे त्याला बाहेरूनच सांगावं लागतं. त्यासाठी जोर मोजणारी हातोडी घेऊन यंत्रावर टोला मारतात आणि चिकटवलेला सेन्सर काय सांगतो ते बघतात. माठ घेताना आपण टिचकी मारून कान लावतो, त्यातलाच हा प्रकार. गणित आणि हातोडी यांचं जमलं नाही, तर दुरुस्त करायचं असतं गणित.

टर्बाइनच्या पात्यांनाही अशा लयी असतात, एक नाही, अनेक. १९२४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी टर्बाइनच्या चकत्यांसाठी वेग आणि लयी एकाच आलेखावर मांडून कुठल्या वेगाला धोका आहे ते दाखवलं. पात्यांसाठीही तो आलेख आजतागायत वापरात आहे. पाती दुर्लक्षित राहिली तर काय होतं, ते ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात दिसलं. टर्बाइनची दोन पाती धातूच्या थकव्याने तुटली आणि त्यांनी शेजारची पाती कापून काढली. तोल गेलेला रोटर असा हादरू लागला की जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला. आगीत केबली जळाल्या आणि केंद्राचा वीजपुरवठा सुमारे १७ तास बंद पडला. अणुभट्टी बंदच राहावी म्हणून कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून तिच्यात बोरॉनचं द्रावण सोडलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. पण दोन पाती तुटण्यापासून गोष्ट कुठवर गेली, ते पाहा.

म्हणूनच मोठ्या यंत्रांच्या बेअरिंगवर सेन्सर बसवलेले असतात आणि त्यांचं कंपन लयींमध्ये उलगडून वाचलं जातं. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. कंपनही सेकंदाला २५ दिसलं तर संशय असमतोलावर. ५० ठळक दिसलं तर बहुतेक वेळा मोटार आणि पंप एका रेषेत नाहीत. नऊ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला चीर गेली, तर साधारण ९० च्या आसपास रेघ उमटते. आतल्या कड्याला गेली तर १३५ च्या. जुने फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मुठीला कान लावतात आणि ‘ओरडतंय’ म्हणतात, ते हेच ऐकत असतात. फक्त त्यांच्याकडे आकडा नसतो.

तुमच्या सोसायटीच्या पंपाचा आवाज गेल्या काही महिन्यांत बदलला असेल, तर नुसतं बेअरिंग बदलून मोकळे होऊ नका. मोटार आणि पंपाची रेषा चुकलेली असेल, तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जाईल. मिस्त्रीचं बिल देण्याआधी एवढंच विचारा, की अलाइनमेंट आणि फाउंडेशनचे बोल्ट तपासले का?