फुगलेली खोली (घर विकायचंय : लेखांक ४)

मागच्या लेखात फोटोआधी घर कसं आवरावं ते पाहिलं. दोरीवरचे कपडे, ओट्यावरचे डबे, फ्रिजवर चिकटवलेली बिलं आणि दारावरची नावाची पाटी हे सगळं त्या दिवसापुरतं बाजूला गेलं आहे असं धरू. आता मोबाइल हातात घ्यायचा. घरमालक असो की एजंट, इथे बहुतेकांचा अंगठा पडद्यावरच्या ०.५ या आकड्याकडे जातो. तो दाबला की १० बाय १२च्या बेडरूममध्ये अचानक जागाच जागा दिसू लागते. तीन भिंती, छत आणि फरशी एका चौकटीत मावतात आणि फोटो काढणारा खूश होतो. माझं म्हणणं असं की विक्रीच्या फोटोने खोलीचं माप खरं सांगावं आणि त्यात फायदा विकणाऱ्याचाच आहे. सचोटीचा मुद्दा आहेच, पण तो तूर्त बाजूला ठेवतो. निव्वळ व्यवहाराच्या हिशेबानेसुद्धा हा ०.५ महागात पडतो.

आधी तो आकडा काय करतो ते पाहू. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर, साधारण ८० अंशांचं दृश्य टिपतो, ०.५ची अल्ट्रावाइड लेन्स १२० अंशांच्या आसपास. दोन्ही दृश्यं शेवटी तेवढ्याच पडद्यावर बसवायची असतात, त्यामुळे अल्ट्रावाइडमध्ये समोरची प्रत्येक वस्तू जवळपास निम्म्या आकाराची उमटते. बेडरूमच्या दारात उभं राहून ११ फुटांवरच्या १० फूट रुंद भिंतीचा आडवा फोटो घ्या. नेहमीच्या कॅमेऱ्यात ती भिंत चौकटीची साठेक टक्के रुंदी व्यापते, ०.५वर जेमतेम एक तृतीयांश. लहान दिसतं ते लांब असतं, हा आपल्या डोळ्यांचा जन्मभराचा अनुभव. म्हणून ती भिंत मागे सरकल्यासारखी वाटते. कडेच्या वस्तूंचं वेगळंच होतं, त्या ताणल्या जातात. ओट्याच्या टोकाला ठेवलेला गोल माठ चौकटीच्या मध्यापासून ५० अंश बाजूला आला, तर फोटोत त्याची रुंदी उंचीच्या दीडपट भरते. गंमत म्हणजे त्याच फोटोत समोरच्या भिंतीवरचं सपाट घड्याळ गोलच राहतं, त्यामुळे काही बिघडलंय अशी शंकाही येत नाही. यात लेन्सचा दोष नाही. रुंद दृश्य सपाट पृष्ठभागावर उतरवलं की हे व्हायचंच. ओळीने उभ्या खांबांचं चित्र नियमाबरहुकूम काढलं तर कडेचे खांब जाड होतात, ही अडचण लिओनार्दो दा विंचीलाही पडली होती.

यावर एखादा जाणकार म्हणेल की भूमितीने बरोबर असलेल्या चित्राला खोटं कसं म्हणायचं? आक्षेप योग्य आहे. ते चित्र खोटं नाही, फक्त ते ठरावीक अंतरावरूनच खरं दिसतं. मोबाइल उभा धरला की जाहिरातीतला फोटो साधारण ७ सेंटिमीटर रुंद दिसतो. अल्ट्रावाइडने काढलेला असा फोटो डोळ्यापासून अडीच-तीन सेंटिमीटरवर, म्हणजे जवळपास नाकाला टेकवून पाहिला, तर खोली खऱ्या प्रमाणात दिसेल. तसं कोणी पाहत नाही. लोकलमध्ये उभ्याने असो की घरी सोफ्यावर, मोबाइल फूटभर लांबच असतो आणि तिथून खोली फुगते. खरं तर नेहमीच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटोही याच कारणाने थोडा फुगतो, पण हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीने चार चौघींत घराबद्दल जेवढं वाढवून सांगावं तेवढाच. ऐकणारा मनातल्या मनात वजावट करून घेतो. निम्म्याची वजावट कोणाला जमत नाही.

आता हिशेबाकडे येतो. राहण्यासाठी फ्लॅट घेणारा माणूस फोटो पाहून टोकन देत नाही. पैसे परदेशातला मुलगा भरणार असला तरी पुण्यातले आईवडील, नाहीतर मामा, आधी जाऊन बघून येतातच. म्हणजे फोटो घर विकत नाही, घर बघायला येणं तेवढं विकतो. त्या येण्यालाही खर्च असतो. किल्ली कोणाकडे तरी ठेवावी लागते, भाडेकरू असेल तर त्याची मनधरणी करावी लागते, गेटवर नोंद होते आणि रविवारची सकाळ जाते. फुगलेल्या फोटोमुळे येणाऱ्यांची संख्या वाढते हे मी नाकारत नाही. पण वाढलेल्यांत कोण असतं? ज्यांना त्याहून मोठी खोली हवी होती ते. दारातून आत पाऊल टाकताच त्यांच्या तोंडून निघतं, ‘फोटोत मोठी वाटत होती हो.’ हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की पुढचं सगळं बोलणं त्याच पायरीवरून सुरू होतं. एकतर माणूस पाच मिनिटांत चपला घालतो किंवा राहिलाच तर अपेक्षाभंगाची रक्कम किमतीतून कापायला बसतो. ज्याला खरोखरच १० बाय १२ची बेडरूम पुरणार होती, त्याचंसुद्धा समाधान आपण विनाकारण घालवलेलं असतं, कारण तोही खोलीची तुलना आपल्या गरजेशी करायच्या आधी डोक्यात घेऊन आलेल्या चित्राशी करतो.

त्यात आपल्याकडचं गिऱ्हाईक मापाच्या बाबतीत पोळलेलं आहे. बिल्टअप, सुपर बिल्टअप, त्यावरचं लोडिंग या शब्दांनी मुंबई-पुण्याच्या दोन पिढ्यांना चौरस फूट या गोष्टीकडे संशयाने बघायला शिकवलं. २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्या पक्की केली: आतल्या विभाजक भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची सोडायची. महारेरा २०१७मध्ये सुरू झालं आणि हळूहळू रीसेलवाल्यांच्या तोंडीही कार्पेटचीच भाषा आली. आज जाहिरात वाचणारा आधी भाग, किंमत आणि कार्पेटचा आकडा बघतो, मग फोटो उघडतो. आकडा ४२० चौरस फूट सांगतोय आणि फोटो सातशेचा वाटतोय, असं झालं तर तो खूश होत नाही. यांनी आणखी काय लपवलंय, असा प्रश्न त्याला पडतो, आणि मग सोसायटीच्या ना-हरकत पत्रापासून पार्किंगपर्यंत प्रत्येक उत्तर तो उलटं करून तपासतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे ‘बाकी सगळे तेच करतात, मग आमचं घर त्या रांगेत लहान दिसणार.’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. रांगेत फोटो दिसतो तो छोट्याशा चौकटीत. अल्ट्रावाइड फोटो एवढा लहान केला की त्यात फरशीचा मोठा तुकडा, छताचा मोठा तुकडा आणि मध्ये मुंग्यांएवढं फर्निचर उरतं; नजर कशावर ठरतच नाही. नेहमीच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोत खिडकी, तिच्यातून येणारा उजेड आणि सोफा एवढं तरी स्पष्ट ओळखू येतं. शिवाय सगळ्याच खोल्या फुगलेल्या असतील तर त्या फुगवण्याचा भाव उरत नाही, वाचणाराही त्याला सरावतो. एजंट मंडळींना हे पटवणं अवघड जातं, कारण आलेल्या फोनांची संख्या त्यांना दाखवता येते, फुकट गेलेल्या फेऱ्यांची दाखवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: खोलीच इतकी लहान असते की नेहमीच्या कॅमेऱ्यात ती मावत नाही. ८ बाय १०ची बेडरूम, त्यात पलंग, मागे सरकायला जागा नाही. खरी अडचण आहे, पण एका फोटोत सगळं मावलंच पाहिजे हा हट्ट सोडला की ती सुटते. दाराबाहेर, पॅसेजमध्ये उभं राहून एक फोटो घ्यावा. दाराची चौकट कडेला थोडी दिसली तरी बिघडत नाही, उलट तिच्यामुळे मापाचा अंदाज येतो. मग खिडकीच्या बाजूने दाराकडे बघत दुसरा. बाथरूमचा तर अर्धा भागच दाखवावा, टाइल्स आणि खिडकी दिसली की काम झालं. उरलेलं काम हाताने काढलेला साधा नकाशा करतो. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी फुटांत, दारं कुठे उघडतात, बीम आणि कॉलम कुठे येतात, एवढं कागदावर काढून त्याचा फोटो जाहिरातीत टाकला तर तो सहा अल्ट्रावाइड फोटोंना भारी पडतो, कारण घेणाऱ्याला आपलं कपाट कुठे बसेल हे त्याच्यावरूनच कळतं. व्यावसायिक छायाचित्रकारही रुंद लेन्स वापरतात असं कोणी म्हणेल. वापरतात, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १६ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान. पण जाणता माणूस शक्यतो २४च्या बाजूला राहतो, कडेला गोल किंवा जवळची वस्तू येऊ देत नाही आणि कॅमेरा काटेकोर सरळ धरतो. आपल्याला हॉलसाठी अगदीच गरज पडली तर ०.७ ही शेवटची पायरी समजावी. इमारतीचा दर्शनी भाग अरुंद गल्लीतून घ्यायचा असेल तर मात्र ०.५ खुशाल वापरा, तिथे कोणी कपाट बसवायला जात नाही.

सरळ धरण्यावरून आठवलं, घरांचे अर्ध्याहून जास्त फोटो इथेच बिघडत असावेत. मोबाइल थोडा जरी खाली किंवा वर झुकला की भिंतींच्या उभ्या कडा एकमेकींकडे कलतात आणि खोली पडायला आल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करावी, दाराची कड त्यातल्या उभ्या रेघेला समांतर करावी, एवढंच. उंचीही महत्त्वाची. आपल्याकडे छत ९ ते साडेनऊ फुटांवर असतं. उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून, मोबाइल सरळ धरून फोटो घेतला तर फरशी कमी आणि छताची पांढरी पट्टी जास्त येते. मग माणूस मोबाइल खाली झुकवतो आणि कडा कलतात. त्यापेक्षा मोबाइल साडेचार फुटांवर, छातीशी धरावा. फरशी आणि छत सारखं येतं, झुकवावं लागत नाही. ओट्याचा पृष्ठभागही त्या उंचीवरून नीट दिसतो.

माप जसं जागेचं, तसं उजेडाचंही असतं, आणि तिथेही तोच न्याय लागू आहे. घर बघायला येणारा दुसऱ्या मिनिटाला विचारतो, ‘ऊन कुठून येतं?’ याचं उत्तर फोटोत असावं. पूर्वेच्या खोलीचा फोटो सकाळी घ्यावा, पश्चिमेच्या बाल्कनीचा चारनंतर. दक्षिणेची खिडकी असेल तर हिवाळा गाठावा. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन खोलीत लांबवर येतं. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि तीच खिडकी दुपारी कोरडी राहते. उत्तरेच्या खोलीला थेट ऊन क्वचितच मिळतं, पण दिवसभर सारखा, मऊ उजेड असतो. तो फिल्टर लावून सोनेरी करू नये. दिवसा फोटो घेताना खोलीतले दिवे बंद ठेवणं मला जास्त पटतं. खिडकीतला उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एका चौकटीत आले की पांढरी भिंत एका बाजूने ताजी आणि दुसऱ्या बाजूने जुनी दिसते. खिडकी समोर ठेवण्यापेक्षा बाजूला ठेवावी, म्हणजे बाहेरचं सगळं जळून पांढरं पडत नाही. आणि हो, हे फोटो एजंटला व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवले तर ते दाबले जाऊन त्यांतला तपशील उडतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

राहता राहिला दुरुस्तीचा प्रश्न. हल्ली मोबाइलमध्येच नको ती वस्तू पुसून टाकायची सोय आहे. दोरीवरचा राहून गेलेला टॉवेल पुसला तर कोणाचं काही जात नाही, तो उद्या तिथे नसणारच आहे. पण खोलीत पुढे आलेला कॉलम, खिडकीसमोरची दुसरी इमारत, कोपऱ्यात ओल येऊन सुटलेले पोपडे हे घराबरोबर विकले जाणार आहेत. त्यांना हात लावायचा नाही. पोपडे नको असतील तर पुट्टी भरा, गळती बंद करा, मग फोटो घ्या. बिल्डरने जाहिरातीत किंवा नमुना सदनिकेत खोटं दाखवलं तर रेराच्या १२व्या कलमाखाली ग्राहकाला भरपाई किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात. स्वतःचा जुना फ्लॅट विकणाऱ्याला ते कलम लागू होत नाही, पण त्याला आणखी जवळचा न्यायाधीश असतो: दारात उभं असलेलं गिऱ्हाईक.

पुढच्या लेखात जाहिरातीचा मजकूर कसा लिहावा ते पाहू. तोवर एक करा: टेप घेऊन प्रत्येक खोली फुटांत मोजा, नकाशा कागदावर काढा आणि ०.५ने घेतलेले खोल्यांचे फोटो जाहिरातीतून काढून टाका.