कोंबडीचं अंथरूण

आमच्या कवठे येमाईत शेतीला जोड म्हणून कुणी ब्रॉयलरचं शेड टाकतं. राबते मात्र घरातली बाई.

मागच्या हिवाळ्यात बचत गटातली एक वहिनी रडवेली होऊन आली. "ताई, पक्ष्यांच्या तळपायाला काळे चट्टे पडलेत, छातीला फोड आलेत. औषध कोणतं देऊ?"

शेडवर गेले. आत शिरताच डोळे झोंबले. थंडी म्हणून पडदे गच्च बंद आणि खाली तुसाचा चिखल!

मैत्रिणींनो, दोष अंथरुणाचा होता. ओल्या तुसात विष्ठा कुजली की अमोनिया तयार होतो. वजन वाढलेला पक्षी बराच वेळ त्यावरच बसतो आणि कातडी भाजल्यासारखी होते. मग तो लंगडतो, खाणं घटतं.

उपाय साधे आहेत. मूठभर तूस दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. तूस रोज हलवा, ओलं काढून कोरडं टाका. पाण्याचं भांडं पक्ष्याच्या पाठीइतकं उंच टांगा, म्हणजे पाणी सांडत नाही. पडदे वरून थोडे उघडे ठेवा. पक्ष्यामागे निदान एक चौरस फूट जागा हवी, दाटीत नखांचे ओरखडे उठतात. जखम चिघळली तर पशुवैद्यकांना दाखवाच.

पुढची बॅच छान निघाली. पैसे जमा झाले दादांच्या खात्यावर, कारण करारावर नाव त्यांचंच. तूस हलवणारे हात वहिनीचे. तिचं नाव तिथे कधी लागणार, हे आता आपणच घरात विचारायला हवं, नाही का?